भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलाय, आता घरच्यांनी लाजेचं काय करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. तो आधी गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन) घ्यायचा, मग दोन वर्षं गर्द आणि एमडी (मेफेड्रोन, एक उत्तेजक अमली पदार्थ) दोन्ही. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून नुकताच घरी आलाय. गावात सगळ्यांना ‘बंगळुरूला कोर्सला गेला होता’ असं सांगितलंय. पुढच्या महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे. वडील म्हणतात, त्याला न्यायचं नाही, चारचौघांत नाक कापलं जाईल. आई पर्स कुलपात ठेवते. केंद्रातून जिभेखाली ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, मामा म्हणतात ही दुसरी नशाच आहे. काकांचं म्हणणं, ‘लाज वाटायलाच हवी, नाहीतर पुन्हा करेल.’ भाऊ दिवसभर खोलीचं दार लोटून बसतो. लोकांच्या नजरेचा बरं होण्यावर खरंच परिणाम होतो, की आम्ही उगाच त्याचे लाड करतोय, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि गेली २२ वर्षं मुख्यतः व्यसनाच्या रुग्णांबरोबरच काम करतेय. परिणाम होतो, आणि तो सगळ्यात जास्त होतो त्या लोटलेल्या दाराआड. लग्नाचं शेवटी बोलू. आधी त्या खोलीबद्दल.

गर्द रोज घेणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावतं. पहिल्या महिन्यात जी एक पुडी झिंग आणायची, तीच वर्षभरानंतर फक्त टर्की होऊ नये म्हणून लागते. हातपाय तुटणं, नाक गळणं, जुलाब, रात्र रात्र तळमळणं, म्हणजे टर्की. ही मुलं मजेसाठी घेत राहतात असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर बहुतेक जण ती तळमळ टाळण्यासाठी घेत असतात. केंद्रात तीन महिने काही न घेता राहिलं की हा सराव मोडतो. आठवण मात्र जुन्याच मात्रेची राहते. बाहेर आल्यावर पाय घसरला आणि त्याने पूर्वीएवढंच घेतलं, तर तेवढं आता श्वास थांबवायला पुरतं. गर्द, अफू, मॉर्फिन ही सगळी एकाच कुळातली, मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंद करणारी द्रव्यं. वर दारू किंवा झोपेच्या गोळ्या पडल्या तर धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे मानतात. तुमचा भाऊ आज त्याच आठवड्यांत आहे. केंद्राच्या गोळ्यांनी हा धोका कमी होतो, त्याबद्दल पुढे सांगते, पण तो संपत नाही. तुमच्या घरातली लाज या आठवड्यांत काय करते, ते मी एकदा फार जवळून पाहिलंय.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. वायरिंगची कामं करणारा मुलगा होता, चोविशीतला, कामाला हुशार. चार महिने काही घेतलं नव्हतं. घरी आला त्या दिवशी वडिलांनी त्याला देवघरासमोर उभं करून, दोन काका आणि आत्या साक्षीला ठेवून शपथ घ्यायला लावली. वर म्हणाले, ‘पुन्हा हात लावलास तर आम्हाला तू मेलास.’ वडील वाईट नव्हते. त्यांनी दोन बिघे जमीन विकून त्याचे उपचार केले होते. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी त्याने गर्द ओढलं, वर गोळ्या घेतल्या. बाथरूममध्ये गेला, बादलीखाली नळ सोडला, आतून कडी लावली. आईला वाटलं आंघोळ करतोय. बादली भरून वाहू लागली आणि पाणी दाराखालून स्वयंपाकघरात आलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. नंतर त्याच्या भावाने मला त्याचा मोबाइल दाखवला. त्या संध्याकाळी शेवटचा लावलेला नंबर माझा होता. माझ्याकडे मिस्ड कॉलसुद्धा पडला नव्हता, इतक्या लवकर त्याने तो कापला होता.

त्याचा जीव गर्दने घेतला, हे खरंच आहे. पण आतून कडी लावायला गर्दने सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून कुणी ‘लाज वाटायला हवी’ म्हणालं की मी थांबून विचारते, तुम्हाला नक्की काय वाटायला हवं आहे? मराठीत दोन शब्द आहेत, खंत आणि लाज. ‘आईच्या पाटल्या मी विकल्या’ ही खंत. ‘मी आहेच असला हरामखोर’ ही लाज. ज्याला खंत असते तो पाटल्यांचे पैसे महिन्याला पाचशे-पाचशे करून परत करतो, माफी मागतो, कामाला लागतो. लाज वाटणारा तोंड लपवतो. आणि या आजारात तोंड लपवणं म्हणजे काय, ते वर सांगितलंच. काकांना जे हवंय ते बहुधा खंत आहे. ती तुमच्या भावाकडे असेलच, या मुलांकडे ती भरपूर असते. पण घरात रोज उठून लाज वाढली जात असेल, तर खंत बाहेर यायला जागाच राहत नाही. शिवाय स्वतःबद्दलची ही घृणा सहन होण्यासारखी नसते, आणि ती दहा मिनिटांत शांत करणारी एकच गोष्ट त्याच्या मेंदूला पाठ आहे. म्हणजे लाज वाटावी म्हणून आपण बोलतो आणि तलफ वाढवून ठेवतो.

हे मोठ्या आकड्यांतही दिसतं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. बेकायदा अमली पदार्थांचं व्यसन जडलेल्यांपैकी वीसातल्या एकालाच कधी ना कधी उपचार मिळाले होते, दारूच्या बाबतीत अडतीसातल्या एकाला. केंद्रं कमी आहेत, पैसे नाहीत, ही कारणं आहेतच. पण माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या भेटीत विचारते, हा त्रास आहे हे घरात कधी कळलं? आणि दाखवायला कधी आणलं? दोन उत्तरांमध्ये सहसा तीन-चार वर्षं असतात. ती वर्षं कशात गेली? अंगारे-धुपाऱ्यात, मामाच्या गावाला पाठवण्यात, ‘लग्न करून दिलं की सुधारेल’ यात, आणि कुणाला कळू न देण्यात. चार वर्षांपूर्वी आला असता तर पंधरा दिवसांच्या औषधांवर आणि समुपदेशनावर भागलं असतं, असा मुलगा यकृताची कावीळ घेऊन येतो.

शब्दांबद्दल थोडं बोलते, कारण लाज घरात येते ती शब्दांतून. गर्दुल्ला, चरसी, नशेडी, बेवडा. ‘गर्दुल्ला’ म्हटलं की आधी गर्द येतं, मग एक कुचेष्टेचं शेपूट, आणि माणूस कुठेच उरत नाही. मधुमेह झालेल्याला आपण असं काही म्हणत नाही. हे फक्त भावनांपुरतं नाही. अमेरिकेत जॉन केली आणि कॅसँड्रा वेस्टरहॉफ यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या पाचशेहून जास्त व्यावसायिकांना एकाच रुग्णाची हकिगत वाचायला दिली. निम्म्यांच्या कागदावर त्याचा उल्लेख ‘नशाबाज’ या अर्थाच्या शब्दाने होता, निम्म्यांच्या कागदावर ‘व्यसनाचा आजार असलेला’ असा. बाकी मजकूर तोच. पहिला शब्द वाचलेल्यांनी त्या माणसाला जास्त दोषी ठरवलं, त्याच्यावर दंडात्मक कारवाई व्हावी याकडे त्यांचा कल जास्त होता. हे सगळे शिकलेले लोक होते, यातलेच तज्ज्ञ होते. ते वाचल्यावर मी माझे जुने केसपेपर काढून बसले. लघवीच्या तपासणीत अंश सापडला की मी ‘खराब’ लिहायचे, नाही सापडला की ‘स्वच्छ’. रुग्णाला तो कागद वाचता येतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता ‘अंश आढळला’, ‘अंश आढळला नाही’ एवढंच लिहिते.

तुमच्याही घरात ‘सुधारला का?’ असं विचारलं जात असेल. ‘बरा आहेस का?’ असं विचारून बघा. सुधारतो तो गुन्हेगार, बरा होतो तो आजारी. एवढ्या एका क्रियापदाने त्याची मान थोडी वर येते, हे मी पाहिलंय.

दवाखान्यातली लाज वेगळी, आणि ती कित्येकदा जिवावर बेतते. तुमच्या भागात अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, तुम्हाला माहीत असेल. असाच रोज मूठभर गोळ्या खाणारा एक मुलगा अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी भरती झाला. डॉक्टरांनी विचारलं, काही व्यसन? बापाने आधी मुलाकडे, मग बाजूच्या खाटेवरच्या नातेवाइकांकडे पाहिलं आणि सांगितलं, ‘सुपारीसुद्धा नाही.’ गोळ्या एकदम बंद झाल्या. दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, पहाटे फिट आली. मग डोक्याचा स्कॅन, मणक्यातलं पाणी काढायची तयारी, आयसीयूचं बिल. शेवटी मुलाच्या मित्राने नर्सला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, तेव्हा उलगडा झाला. झोपेच्या गोळ्या आणि दारू या दोन्हींत अचानक बंद करणं धोक्याचं असतं, कधी कधी जीवघेणं. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते औषधांनी सहज सांभाळता येतं.

पण बाप खोटं का बोलला हेही समजून घ्या. मी असे वॉर्ड पाहिलेत जिथे खरं सांगितल्यावर वागणूक बदलते. दुखण्याचं इंजेक्शन मागितलं की ‘याला नशा हवीय’ म्हणतात, ड्रेसिंग शेवटी होतं, राउंडला येणारे खाटेपासून चार हात लांब उभे राहतात. गर्द घेतलेल्या माणसाचं हाड मोडलं तर त्यालाही दुखतं. त्याचं शरीर सरावलेलं असल्यामुळे त्याला दुखण्याचं औषध कित्येकदा जास्तच लागतं. आमच्या व्यवसायाची ही चूक आहे आणि ती आम्हीच दुरुस्त करायला हवी. तोपर्यंत तुम्ही एवढं करा: त्याला कुठल्याही कारणाने भरती केलंत तर डॉक्टरांना बाजूला घेऊन, नातेवाइकांसमोर नाही, सगळं खरं सांगा. मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या स्थिती धरलेल्या आहेत. त्या कायद्याच्या कलम २३ नुसार आजार आणि उपचारांची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क रुग्णाला आहे. त्याच कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधायला पूर्ण बंदी आहे. हे मुद्दाम सांगते, कारण ‘शिस्त लावू’ म्हणून मुलांना बांधून ठेवणाऱ्या, मारणाऱ्या जागा अजून आहेत. आणि लाजेपोटी घाईत ठिकाण शोधणारे आईबाप ‘रात्रीच येऊन घेऊन जातो, कुणाला कळणार नाही’ एवढ्या आश्वासनावर मुलाला तिथे सोपवतात.

पोलिसांची भीतीही असतेच. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन हा गुन्हा आहे, हे खरं. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या पदार्थाशी संबंधित गुन्हा आहे, असा व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून त्याला संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. अशी वेळ आलीच तर वकिलांना या कलमाबद्दल जरूर विचारा, आणि केंद्राची सगळी कागदपत्रं जपून ठेवा.

आता मामांचा मुद्दा, दुसरी नशा. जिभेखालची गोळी म्हणजे बहुधा ब्युप्रेनॉर्फिन. मेंदूतल्या ज्या कुलपात गर्द बसतं त्याच कुलपात हे औषध बसतं, घट्ट बसतं, पण किल्ली अर्धीच फिरवते. त्यामुळे टर्की होत नाही, तलफ शमते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे नशा चढत नाही. कुलूप आधीच भरलेलं असल्याने वरून गर्द घेतलं तरी त्याचा जोर लागत नाही. कुणी विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून गोळीत बरेचदा नॅलॉक्सोन, म्हणजे गर्दसारख्या द्रव्यांचा असर उतरवणारं औषध, मिसळलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने ब्युप्रेनॉर्फिन आणि त्याच कामाचं दुसरं औषध मेथाडोन २००५ पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवली आहेत. असे उपचार चालू असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, उपचार न घेणाऱ्यांच्या मानाने, निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं, हे अनेक देशांत दिसलंय. माझ्या कामात मला यापेक्षा मोठा आकडा माहीत नाही.

तरी घरोघरी काय होतं? मुलगा नोकरीला लागतो, चेहऱ्यावर रया येते, आणि कुणीतरी म्हणतं, ‘पण गोळीवर आहे ना अजून? मग कसला सोडलाय!’ आई हळूच गोळ्या कमी करते, किंवा तोच लाजेने बंद करतो. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले काही जणही ‘गोळी चालू म्हणजे सोबर नाहीस’ म्हणतात. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, पण या बाबतीत ते चुकतात. गोळी कधी आणि कशी कमी करायची हे त्याने आणि त्याच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. काही महिने लागतात, काहींना वर्षं लागतात. वडिलांना रक्तदाब असेल आणि गोळीने तो १३०/८० वर आला असेल, तर गोळी थांबवायला कुणी सांगत नाही. एमडीसाठी मात्र अशी बदली गोळी नाही. तिथे भर समुपदेशनावर, दिनक्रमावर आणि झोप-नैराश्याच्या उपचारांवर असतो. एमडी सुटल्यावर कित्येक आठवडे काहीच गोड लागत नाही, माणूस मलूल असतो. तुमचा भाऊ खोलीत बसून राहतो त्यात याचाही वाटा असू शकतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. मरणाचे विचार येतात का, हेही त्याला सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत.

पुन्हा घसरण झाली तर? व्यसनाच्या आजारात ती साधारण ४० ते ६० टक्के रुग्णांमध्ये होते. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांची तब्येत औषध-पथ्य सुटून पुन्हा बिघडण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के धरतात. दम्याचा झटका आला तर आपण पंप आणतो, ‘तुझ्यावर एवढा खर्च केला आणि तू हे दिवे लावलेस’ असं म्हणत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आईने पर्स कुलपात ठेवणं हा कलंक नाही. तिच्या पर्समधून पैसे गेले असतील, ते तिने सोसलंय. घरच्यांचा राग खरा आहे आणि तो गिळून टाका असं मी कधीच सांगत नाही. मी बायकांच्या अंगावरचे वळ पाहिलेत, मंगळसूत्र गहाण टाकलेलं पाहिलंय. मर्यादा घालणं वेगळं आणि माणसाला चोर ठरवणं वेगळं. आईने त्याच्याशी समोरासमोर बोलावं: ‘सध्या पैसे मी माझ्याकडे ठेवते, तुलाही ते सोपं जाईल. दोन महिन्यांनी पुन्हा बोलू.’ यात कारण आहे, मुदत आहे. पण पाहुणे आले की त्याच्यादेखत घाईघाईने कपाटाला कुलूप लावणं, तो बाहेरून आला की डोळे बघणं, तोंडाचा वास घेणं, आंघोळीला उशीर झाला की दार बडवणं, यातून त्याला एकच कळतं: मी काहीही केलं तरी हे मला तोच समजणार. मग तो मनात म्हणतो, तर मग करूनच टाकू. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, शब्दही जवळपास तेच असतात.

हा कलंक कुणाच्या वाट्याला किती यावा, याचा आणि पदार्थ किती घातक आहे याचा काही मेळ नसतो. आपल्याकडे आजी मिश्री लावते, तिला कुणी व्यसनी म्हणत नाही. गटारी साजरी होते. हळदीच्या रात्री मांडवामागे दारूची पेटी उघडली जाते आणि तिथे ‘नको’ म्हणणाऱ्यालाच आग्रह होतो. तोच पिणारा दहा वर्षांनी कावीळ होऊन पडला की तीच माणसं ‘बेवडा’ म्हणतात. बायकांच्या वाट्याला तर याच्या दुप्पट येतं. दारू किंवा गोळ्यांच्या आहारी गेलेल्या बाईला घरचे दवाखान्यातही आणत नाहीत, माहेरी पाठवून देतात, आणि ती आलीच तर सोबत कुणी थांबत नाही. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राला स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग काढावा लागला, तो याचमुळे.

मुक्तांगणचा विषय निघालाच म्हणून सांगते. मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली, तेव्हा २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलं. त्या काळी त्या फाटकातून मुलाला आत नेणं म्हणजे वेड्याचा शिक्का आणि गर्दुल्ल्याचा शिक्का, दोन्ही एकदम. तरीही आईबाप मुलांना घेऊन आले. तिथे बरे झालेले काही जण पुढे तिथेच कामाला लागले, नव्याने आलेल्यांना सांभाळू लागले. टर्कीत तळमळणाऱ्या मुलाच्या खाटेशी बसलेला माणूस जेव्हा म्हणतो, ‘मीपण इथेच लोळत होतो, तिसऱ्या दिवशी कमी होतं,’ तेव्हा त्याला जो धीर येतो तो माझ्या पदव्यांनी येत नाही. तुमच्या भावालाही असा माणूस हवाय. नार्कॉटिक्स अॅनॉनिमस या, व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या सभा जवळच्या शहरात होत असतील तर त्याला एकदा घेऊन जा. आत त्याला एकट्याला जाऊ दे, तुम्ही बाहेर चहा घेत थांबा.

लग्नाबद्दल एक कटू गोष्टही आत्ताच सांगून ठेवते. ‘याचंही उरकून टाकू, मग मार्गी लागेल’ असं घरात कुणी बोलायला लागलं असेल तर तुम्ही ठाम उभ्या राहा. लग्न हा या आजारावरचा उपचार नाही. लपवून केलेलं लग्न म्हणजे तुमच्या घरची लाज एका परक्या मुलीच्या गळ्यात बांधणं आहे. दोन-तीन वर्षं स्थिर गेली, तो स्वतः म्हणाला, आणि त्या मुलीला त्याने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, तर माझा आशीर्वाद आहे. नोकरीचं तसं नाही. तिथे सगळं सांगायचं बंधन नाही. ‘आजारी होतो, उपचार घेतले, आता फिट आहे’ पुरेसं आहे.

गावातही हेच सांगा. बंगळुरूच्या कोर्सची गोष्ट हळूहळू सोडून द्या. चौकात दवंडी पिटायची गरज नाही, कुणाला किती सांगायचं हे त्याने ठरवावं. पण खोटं जपण्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका. कुणी कोर्सचं विचारेल म्हणून तो घराबाहेर पडत नसेल, असा माझा अंदाज आहे. त्याला विचारून बघा.

आज रात्री जेवणं झाल्यावर त्याच्याशी एकदा बोला. आईवडील नकोत, तुम्ही दोघंच. त्याला एवढंच सांगा: ‘घसरलास तरी मला फोन कर. त्या वेळी मी ओरडणार नाही, आधी तुला दवाखान्यात नेईन. बाकी नंतर बघू.’ आणि हे पाळा. मग दोघांनी मिळून एक कागद लिहा. एकट्याने, कडी लावून कधीच नाही. तुमचा नंबर, केंद्रातल्या समुपदेशकाचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८, बोलावंसं वाटलं तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. हलवून उठत नसेल, श्वास मंद किंवा घोरल्यासारखा असेल, ओठ-नखं निळसर, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील तर त्याला कुशीवर करायचं, १०८ ला फोन करायचा आणि काय घेतलंय ते खरं सांगायचं. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर मिनिटांत श्वास परत येतो. जवळच्या कुठल्या रुग्णालयात ते असतं, हे तुम्ही आजच विचारून ठेवा.

आणि चुलतबहिणीचं लग्न. त्याला न्या. हळदीची रात्र टाळा, तिथे पेटी असणार आणि जुने मित्रही असणार. लग्नाच्या दिवशी सकाळी न्या आणि त्याला बसवून ठेवू नका, पंगतीत वाढायला उभं करा. माझ्या एका रुग्णाच्या मामाने भाच्याच्या हातात कोठीच्या खोलीची किल्ली दिली होती. तूप, साखर, काजू, सगळं त्या खोलीत. मुलगा दिवसभर डबे मोजून देत होता आणि वहीत लिहीत होता. संध्याकाळी मामाने किल्ली परत घेतली, वही उघडलीच नाही. तो मुलगा पुढच्या भेटीत माझ्यासमोर बसून याच एका गोष्टीवर अर्धा तास बोलला. असे मामा सगळ्यांना नसतात, पण वाढपी प्रत्येक लग्नात कमीच पडतात. निघायचं वाटलं तर त्याने तुम्हाला नुसती मान हलवून खूण करायची आणि तुम्ही कारण न विचारता त्याला घेऊन निघायचं, हे आधीच ठरवून ठेवा. गोळीची वेळ लग्नाच्या गडबडीत चुकू देऊ नका. केंद्रातली पुढची तपासणी लग्नाच्या आधी येत असेल तर ती पुढे ढकलू नका, आणि त्या दिवशी वडिलांना सोबत न्या. त्यांच्याशी डॉक्टरांनी बोलायला हवं. ते एवढे दिवस कुणाशीच बोललेले नसतील.